अकरावीसाठी प्रगत गणिताचा वर्ग: काय घ्यायचं, काय सोडायचं आणि वह्या कोण तपासणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावचं कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी विज्ञानाची गणितात रस असलेली वीस-पंचवीस मुलं, शनिवारचे दोन तास मोकळे आणि शिकवायला एमएस्सी झालेले एक शिक्षक. मंडळाच्या अभ्यासक्रमापलीकडचा वर्षभराचा वर्ग सुरू करायचा आहे. त्यात कोणते विषय, कोणत्या क्रमानं घ्यावेत आणि मूल्यमापन कसं करावं?

आधी काय घेऊ नये ते सांगतो, कारण बहुतेक आराखडे तिथंच फसतात. पहिला मोह असतो एफवायचा अभ्यासक्रम दोन वर्षं आधी आणण्याचा: गट, वलयं, सीमेची काटेकोर व्याख्या. मुलं व्याख्या पाठ करतात, दोन उदाहरणं सोडवतात आणि आपल्याला समजलं असं मानतात. व्याख्या तशीच का केली हे समजायला जो सिद्धता लिहिण्याचा सराव लागतो, तो त्यांच्याकडे अजून नसतो. दुसरा मोह जेईईची अवघड गणितं घेण्याचा. ते काम क्लासवाले आठवड्याचे सहा दिवस करत असतात. शनिवारच्या दोन तासांत तुम्ही त्यात काहीच भर घालणार नाही.

अकरावी-बारावीत कोणीच शिकवत नाही अशी एक गोष्ट उरते: न पाहिलेल्या प्रश्नाची पूर्ण सिद्धता स्वतः शोधणं आणि दुसऱ्याला तपासता येईल अशी लिहिणं. दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असतं, पण ती प्रमेयं ठरलेली असतात आणि पाठ होतात. पुढं सीईटी आली की चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, कारण कोणी विचारत नाही. सध्याच्या आराखड्यात सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तुमच्या वर्गात एका प्रश्नावर पाऊण तास घालवायला मुभा असली पाहिजे. विषय साधे ठेवा, मागणी कडक ठेवा. सगळी आखणी याच एका हेतूवरून करावी.

आता दिवस मोजू. अकरावीचे प्रवेश रेंगाळतात, वर्ग खऱ्या अर्थानं ऑगस्टमध्ये सुरू होतात. ऑगस्टच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत साधारण २८ शनिवार मिळतात. गणपती, सहामाही परीक्षा आणि दिवाळी वजा केली की हातात २४ सत्रं, म्हणजे ४८ तास राहतात. त्यांची वाटणी मी अशी करीन: तर्क आणि सिद्धतेच्या पद्धती ३ सत्रं, संख्या सिद्धांत (पूर्णांकांचे गुणधर्म) ९, मोजणी ६, असमानता २, चाचण्या आणि त्यांची चर्चा ३, प्रकल्पाची मांडणी १. यापेक्षा जास्त विषय घुसवलेत तर प्रत्येकाची फक्त ओळख होईल, आणि ओळखीवर सिद्धता लिहिता येत नाही.

तर्काच्या तीन सत्रांत सत्यता-सारण्यांवर वेळ घालवू नका, त्या बारावीच्या पहिल्याच प्रकरणात येणार आहेत. इथं फक्त चार सवयी लावायच्या. विधान आणि त्याचा व्यत्यास वेगळे ओळखणं. ‘प्रत्येक’ आणि ‘निदान एक’ यांतला फरक जपणं. विधान खोटं ठरवायला एक प्रतिउदाहरण पुरतं, पण खरं ठरवायला हजार उदाहरणंही पुरत नाहीत, हे अंगवळणी पाडणं. आणि अप्रत्यक्ष सिद्धता. तिसऱ्या सवयीसाठी न² + न + ४१ ही राशी द्या. न = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते, न = ४० ला १६८१ म्हणजे ४१² येतो. मुलांना स्वतः करू द्या, पंधरा-वीस किमती तपासून ती ‘सिद्ध झालं’ म्हणतात, तेव्हाच पुढं न्या.

संख्या सिद्धांताला सर्वांत जास्त सत्रं देण्याचं कारण सरळ आहे. पूर्वतयारी जवळजवळ लागत नाही. राज्य मंडळाच्या दहावीत याचं वेगळं प्रकरण नाही, त्यामुळे मराठी माध्यमाचा, सेमीचा आणि सीबीएसईतून आलेला विद्यार्थी बऱ्यापैकी एकाच रेषेवर उभे असतात. शिवाय चूक झाली तर ती लहान संख्या घालून लगेच पकडता येते.

क्रम मात्र महत्त्वाचा. पहिल्या दोन सत्रांत भागाकार आणि बाकी. कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च राहते, एवढ्या एका निरीक्षणावर अख्खं सत्र चालतं. ११, १११, ११११ या मालिकेत एकही पूर्ण वर्ग का नाही? कारण शेवटचे दोन अंक ११ आहेत, म्हणून ४ ने भागल्यावर बाकी ३. दोन वर्गांची बेरीज ४क + ३ या रूपात का येत नाही, हे मुलं मग न सांगता काढतात.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात मसावि काढायची युक्लिडची रीत, आणि ती उलटी चालवून मसावि दोन्ही संख्यांच्या पटींत मांडणं. २५२ आणि १९८ घ्या. २५२ = १९८ + ५४, १९८ = ३×५४ + ३६, ५४ = ३६ + १८, आणि ३६ ला १८ ने पूर्ण भाग जातो. उलटं येताना १८ = ५४ − ३६ = ४×५४ − १९८ = ४×२५२ − ५×१९८. ताळा: १००८ − ९९० = १८. आर्यभटाचा कुट्टक, म्हणजे समीकरणाची पूर्णांक उत्तरं काढायची त्याची पद्धत, याच रीतीवर उभा आहे, हे इथं सांगावं आणि कुट्टकाचा एक प्रश्न सोडवून घ्यावा. नुसता अभिमानाचा उल्लेख करून पुढं जाऊ नये.

ही पायरी गाळून बरेचजण थेट मूळ अवयवांवर जातात. तिथं चूक होते. ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हे मुलांना उघड वाटतं, पाचवीपासून ती ते करत आली आहेत. ते सिद्ध करायला लागतं हे कळण्यासाठी मधला दुवा दाखवावा लागतो: मूळ संख्या प ने अ×ब ला भाग जात असेल आणि अ ला जात नसेल, तर ब ला जायलाच हवा. सिद्धता दोन ओळींची आहे. अ आणि प यांचा मसावि १, म्हणून अक + पख = १ असे पूर्णांक क, ख मिळतात. दोन्ही बाजूंना ब ने गुणा: अबक + पबख = ब. डावीकडच्या दोन्ही पदांना प ने भाग जातो, म्हणून ब लाही जातो. उलट्या चालवलेल्या युक्लिडच्या रीतीचा उपयोग मुलांना इथं पहिल्यांदा दिसतो.

यानंतरचं सत्र माझ्या मते साऱ्या वर्षातलं सर्वांत मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. √२ अपरिमेय आहे ही सिद्धता अनेकांना पाठ असते. ती फळ्यावर लिहून घ्या. मग २ च्या जागी ४ घालून तीच सिद्धता ओळीनं ओळ लिहायला सांगा. √४ = म/न, म आणि न यांचा मसावि १. म्हणून म² = ४न². म² ला ४ ने भाग जातो, म्हणून म ला ४ ने भाग जातो. म = ४क ठेवलं की न² = ४क², म्हणून न लाही ४ ने भाग जातो. विसंगती. म्हणजे √४ अपरिमेय! वर्गात गोंधळ उडेल, तो उडू द्या. कोणती ओळ खोटी आहे हे मुलांनीच शोधायचं. ‘म² ला ४ ने भाग जातो, म्हणून म ला जातो’ ही ओळ म = २ ला पडते. मग विचारा की √२ च्या सिद्धतेत तीच ओळ का टिकते. उत्तर: २ मूळ आहे, आणि मागच्या सत्रातलं विधान अ = ब = म ठेवून वापरलं आहे.

इथं थांबू नका. √६ घ्या. ६ मूळ नाही, तरी ओळ टिकते, कारण म² ला २ ने आणि ३ ने स्वतंत्रपणे भाग जातो. मग √१२ घ्या. आता ओळ पुन्हा पडते, कारण ३६ ला १२ ने भाग जातो पण ६ ला नाही. तरी √१२ अपरिमेयच आहे, कारण ते २√३ आहे. विधान खरं असूनही त्याची दिलेली सिद्धता चुकीची असू शकते, हे मुलांच्या मनात इतकं स्वच्छ उमटवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. घरचा प्रश्न: कोणत्या न साठी ‘म² ला न ने भाग जात असेल तर म लाही जातो’ हे नेहमी खरं असतं? ज्यांना १ पेक्षा मोठ्या वर्गानं भाग जात नाही अशा सगळ्या न साठी, हे उत्तर सिद्धतेसह आणणारी दोन-तीन मुलं निघतातच.

शेवटची सत्रं मॉड्युलर अंकगणिताची, म्हणजे ठरावीक भाजकानं (मॉडनं) भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या गणिताची. इथली ठरलेली चूक म्हणजे सरसकट काटाकाटी. २×३ आणि २×१ यांना ४ ने भागल्यावर सारखीच बाकी राहते, म्हणून मुलं २ काटतात आणि ३ व १ यांची बाकी सारखी मानतात. ‘काटायच्या संख्येचा आणि मॉडचा मसावि १ हवा’ हा नियम आधी सांगू नका. चूक होऊ द्या, मग नियम त्यांच्याकडूनच काढून घ्या. फर्माचं छोटं प्रमेय इथं फक्त किमती घालून पाहावं, सिद्धता मोजणीपर्यंत राखून ठेवावी. प मूळ संख्या असताना प मण्यांची माळ अ रंगांनी रंगवली, एकरंगी माळा बाजूला काढल्या, की उरलेल्या माळांचे फिरवून प-प चे गट पडतात. म्हणून अ^प − अ ला प ने भाग जातो. दोन विषय असे एकमेकांत अडकले की ते मुलांच्या लक्षात राहतात.

मोजणीत सूत्रं वाढवू नका. क्रमचय आणि संयोजन अकरावीच्या पुस्तकात आहेतच. तुमच्या वर्गात ‘हे सूत्र इथं का लागतं’ एवढंच करायचं. ६ मुलगे आणि ४ मुली यांच्यातून तिघांची समिती, निदान एक मुलगी हवी. सर्वांना सुचणारं उत्तर: आधी एक मुलगी ४ प्रकारे, मग उरलेल्या ९ मधून दोघं ३६ प्रकारे, एकूण १४४. आता काही अट न घालता समित्या किती ते काढायला सांगा: १२०. अट घातल्यावर संख्या वाढली! चूक शोधण्याचं काम मुलांवर सोपवा. एक मुलगी असलेल्या ६० समित्या एकदाच मोजल्या, दोन मुली असलेल्या ३६ दोनदा आणि तीन मुली असलेल्या ४ तीनदा: ६० + ७२ + १२ = १४४. बरोबर उत्तर १२० − २० = १००. नुसतं उत्तर दुरुस्त करून थांबू नये. चुकीच्या रीतीनं नेमकं काय मोजलं, हे दर वेळी लिहून घ्यावं. उरलेल्या सत्रांत कबुतरखान्याचं तत्त्व (खान्यांपेक्षा वस्तू जास्त असतील तर एका खान्यात निदान दोन येतात) आणि दुहेरी मोजणी (एकच गोष्ट दोन रीतींनी मोजणं) घ्या. कबुतरखान्यात तत्त्व सोपं असतं, खाने कोणते हे सुचणं अवघड. १ ते २० मधून कोणत्याही ११ संख्या घेतल्या तर त्यांतल्या एकीनं दुसरीला भाग जातोच. इथं खाने म्हणजे संख्येतून २ चे सगळे अवयव काढल्यावर उरणारा विषम भाग: १, ३, ५ … १९, असे दहा.

असमानतेच्या दोन सत्रांत एकच दोष काढायचा आहे: साध्यापासून सुरुवात करून ‘(अ − ब)² ≥ ०, हे खरं आहे, म्हणून सिद्ध’ असं लिहिणं. त्याच रीतीनं −३ = ३ चा वर्ग करून ९ = ९ मिळतं. शोध उलटा घ्यायला हरकत नाही, लेखन मात्र सुलट हवं. गणिती विगमनातही (क साठी खरं असेल तर क + १ साठीही खरं, असं दाखवायच्या रीतीत) मुलं हेच करतात, क + १ साठीचं समीकरण आधी लिहून खाली ० = ० पर्यंत येतात.

भूमिती मी यादीत घेतली नाही. दहावीत आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका इतकं झालेलं असतं की ऑलिंपियाडच्या भूमितीचा पाया तयारच असतो. पण चांगली भूमिती शिकवायला शिक्षकाचा हात त्यात सतत चालता हवा. तुमच्या शिक्षकांचा तसा असेल तर मोजणीची सहा सत्रं बेलाशक भूमितीला द्या.

प्रत्येक सत्राचे १२० मिनिटं असे भाग करावेत: २० मिनिटं तपासलेल्या वह्यांतल्या चुकांची चर्चा, ३५ मिनिटं नवीन भाग, ४५ मिनिटं तिघा-तिघांच्या गटात प्रश्न, शेवटची २० मिनिटं एका मुलानं फळ्यावर सिद्धता लिहायची आणि इतरांनी ओळीओळीला ‘का?’ विचारायचं. हा शेवटचा भाग वेळ संपला म्हणून पहिल्यांदा कापला जातो. तो कापू नका, नवीन भाग कमी करा. आणि पहिले दोन-तीन महिने सिद्धता मराठीत किंवा सरमिसळ भाषेत लिहू द्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल इंग्रजीत लिहिताना शब्द टाळण्यासाठी नुसती समीकरणं एकाखाली एक मांडतं, आणि ‘म्हणून’, ‘कारण’, ‘समजा’ हे सगळं गळून पडतं. सिद्धता असते ती त्या शब्दांतच.

आता खरा खर्च. तो वह्या तपासण्याचा असतो. २० मुलं, आठवड्याला दोन सिद्धता, प्रत्येकीला सहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला चार तास. हे तास वेळापत्रकात आधीच काढून ठेवले नाहीत तर दिवाळीनंतर तपासणी थांबते आणि वर्ग नुसतं व्याख्यान होतो. म्हणून २५ ऐवजी २० मुलं घ्या. तरी जमत नसेल तर आठवड्याला एकच सिद्धता घ्या, पण पूर्ण वाचा. गुण ० ते ७ असे द्यावेत: पूर्ण सिद्धतेला ७, किरकोळ त्रुटीला ५-६, खरी प्रगती पण अपुरी असेल तर २-३, नुसत्या उदाहरणांना ० किंवा १. दोन किंवा त्याखालील गुण मिळाले तर पुढच्या शनिवारी पुन्हा लिहून आणायची मुभा ठेवा आणि नवे गुण धरा. वर्षात दोन चाचण्या पुरेत, प्रत्येकी दोन तास आणि चार प्रश्न.

प्रकल्पासाठी आपल्याच मातीतला विषय आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, हेच पुन्हा पुन्हा करा (९९९ आलं तर ०९९९ धरा). ३५२४ घेतल्यावर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हे नेहमीच घडतं हे सिद्ध करायचं असेल तर हजारो संख्या तपासाव्या लागतील असं वाटतं. अंक उतरत्या क्रमानं अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त दोन फरक महत्त्वाचे उरतात. अ − ड हा १ ते ९, आणि ब − क हा ० पासून अ − ड पर्यंत. एकूण २ + ३ + … + १० = ५४ शक्यता. एवढ्या चार मुलं एका दुपारी हातानं तपासतात, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात हेही त्यांना स्वतः सापडतं.

स्पर्धांबद्दल. गणित ऑलिंपियाडचा पहिला टप्पा, आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, अलीकडे सप्टेंबरमध्ये होतो: तीन तास, ३० प्रश्न, उत्तर जास्तीत जास्त दोन अंकी पूर्णांक. ऑगस्टमध्ये सुरू झालेला वर्ग त्यासाठी तयार होणार नाही. मुलांना अनुभवासाठी बसवा, पण अभ्यासक्रम त्याच्याभोवती बांधू नका. पुढची आरएमओ, म्हणजे प्रादेशिक ऑलिंपियाड, मात्र सहा लेखी सिद्धतांची असते, तिथं तुमचा वर्ग थेट उपयोगी पडतो. पात्रतेच्या अटी दर वर्षीच्या माहितीपत्रकात वाचाव्यात. चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआयचे (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.स्टॅट. व बी.मॅथ. हे पदवी अभ्यासक्रम यांच्या प्रवेश परीक्षांतही लेखी उत्तरांचा भाग असतो. पालकसभेत हे सांगा, आणि सीईटीचे गुण यामुळे थेट फार वाढणार नाहीत हेही स्पष्ट सांगा. खोट्या आशेवर आलेली मुलं पहिल्या टेस्ट सिरीजला निघून जातात.

गळती तरीही होईल, बहुधा सहामाही आणि दिवाळीच्या दरम्यान. म्हणून संख्या सिद्धांत दिवाळीपूर्वी जास्तीत जास्त उरकावा, म्हणजे सोडून जाणाऱ्या मुलाच्या हातीही एक पूर्ण विषय राहील. दहा मुलं उरली तरी वर्ग चालवा, तपासणी तेवढीच चांगली होते.

निवड दहावीच्या गुणांवर करू नका. ९० मिनिटांची, अभ्यासक्रम न लागणारी चाचणी घ्या. उदाहरणार्थ: फळ्यावर १ ते १० संख्या आहेत, कोणत्याही दोन पुसून त्यांचा फरक लिहायचा, शेवटी एकच संख्या उरेपर्यंत. ती ० असू शकते का? (नाही. बेरजेची समविषमता बदलत नाही, आणि सुरुवातीची बेरीज ५५ आहे.) किंवा: नऊ जणांच्या गटात प्रत्येकाचे गटातलेच नेमके तीन मित्र असू शकतात का? (नाही. ९ × ३ = २७, आणि प्रत्येक मैत्री दोनदा मोजली जाते.) किंवा: ३ च्या प्रत्येक पटीला तीन क्रमागत नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतं का? (येतं, फक्त ३ सोडून.) पेपर तपासताना उत्तर बरोबर आहे का यापेक्षा, मुलानं कारण द्यायचा प्रयत्न केला आहे का ते पाहा. तिसऱ्या प्रश्नात ३ हा अपवाद ज्याच्या नजरेतून सुटला नाही, त्याला बाकीचं कोरं असलं तरी घ्या.